शर्यतीतले 20 आणि त्रिकोणातले 13

‘आदरणीय सर,
मी कला शाखेचा पदवीधर असून पोलीस शिपाई भरतीची तयारी करीत आहे. मैदानी चाचणीत मला चांगले गुण मिळतात, परंतु लेखी परीक्षेत अंकगणित मागे खेचते, आणि त्यातही त्रिकोण व शर्यत हे दोन घटक समोर आले की हात थांबतो. ट्रिकच्या दोन वह्या पाठ आहेत, तरी उत्तरे चुकतात. परवाच्या सराव प्रश्नपत्रिकेतील दोन प्रश्न देतो. पहिला : 100 मीटरच्या शर्यतीत अ हा ब ला 10 मीटरने आणि ब हा क ला 10 मीटरने हरवतो, तर अ हा क ला किती मीटरने हरवेल? मी 20 लिहिले, उत्तरपत्रिकेत 19 आहे. दुसरा : एका त्रिकोणाच्या दोन बाजू 5 सेंमी व 12 सेंमी आहेत, तर तिसऱ्या बाजूची पूर्णांकातील लांबी किती प्रकारची असू शकेल? मी 13 हे एकच उत्तर धरले, तेथे 9 दिले आहे. अभ्यासिकेतील मित्र क्रॅश कोर्स लावण्यास सांगत आहेत. तो लावावा का?
आपला, एक परीक्षार्थी, जि. धाराशिव’

प्रिय परीक्षार्थी,

चुकलेल्या प्रश्नांना तुम्ही काय उत्तर लिहिले होते तेही कळवलेत, हे फार बरे केलेत. ‘भूमिती जमत नाही’ एवढेच लिहून आलेल्या पत्राला सांत्वनापलीकडे काही उत्तर देता येत नाही. तुमच्या 20 आणि 13 या दोन आकड्यांवरून मात्र बरेच कळते. दोन्ही ठिकाणी तुमची आकडेमोड बिनचूक आहे. प्रश्नात जे दिलेले नाही ते तुम्ही मनाने भरून घेतले आणि त्यावर बरोबर गणित केले. पहिल्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या शर्यतींतील दहा-दहा मीटर तुम्ही एकाच शर्यतीतील समजून मिळवले, तर दुसऱ्या प्रश्नात कोणीही न दिलेला काटकोन गृहीत धरला. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना ही सवय चांगली ठाऊक असते, म्हणून पहिल्या प्रश्नाच्या पर्यायांत 20 हा आकडा हमखास असतो.

आधी शर्यतीचा प्रश्न पाहू. अ ने 100 मीटर पूर्ण केले त्या क्षणी ब 90 मीटरवर आहे, कारण ‘10 मीटरने हरवतो’ याचा अर्थच तो आहे. ब आणि क यांच्या शर्यतीत ब चे 100 मीटर पूर्ण होतात तेव्हा क 90 मीटरवर असतो. परंतु आपल्या प्रश्नात अ जिंकला तेव्हा ब चे 100 मीटर झालेलेच नाहीत, तो 90 मीटरच धावला आहे, आणि तेवढ्या वेळात क हा 90 च्या नऊ-दशांश, म्हणजे 81 मीटर धावला असेल. म्हणून फरक 19 मीटर. ब आणि क यांच्यातील दहा मीटरांचे अंतर पूर्ण पडायला ब ने संपूर्ण 100 मीटर धावणे आवश्यक होते. तो 90 धावला, म्हणून अंतरही 9 मीटरच पडले.

आता याच अ आणि ब यांची शर्यत बरोबरीत सुटावी म्हणून अ ला आरंभरेषेच्या 10 मीटर मागे उभे केले, तर काय होईल? बहुतेक मुले ‘बरोबरी’ असे उत्तर देतात. अ ला आता 110 मीटर धावायचे आहे आणि तेवढ्या वेळात ब 99 मीटर धावतो, म्हणजे अ अजूनही 1 मीटरने जिंकतो. हे आकड्यांवरून पटत नसेल तर रेषा काढून पाहा. अ आपले पहिले 100 मीटर धावून 90 मीटरच्या खुणेवर येतो, ब ही 90 मीटर धावून त्याच खुणेवर असतो, आणि तेथून उरलेले 10 मीटर दोघे सोबत सुरू करतात. त्या दहा मीटरांत जास्त वेगाचा अ पुढे जाणार हे उघड आहे. खरी बरोबरी हवी असेल तर अ ला मागे न ढकलता ब ला 10 मीटर पुढे उभे करावे लागते, म्हणजे अ 100 आणि ब 90 धावेल. ‘10 मीटरची आघाडी देतो’ आणि ‘10 मीटर मागून सुरुवात करतो’ ही वाक्ये वाचताना सारखी वाटली तरी गणितात वेगळी आहेत, आणि परीक्षेत हा फरक फक्त आकृतीवर दिसतो.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : दोन धावपटूंमध्ये काय समान आहे, हे आधी ठरवणे. वेळ समान असेल तर अंतरांचे गुणोत्तर तेच वेगांचे गुणोत्तर. अंतर समान असेल तर वेळांचे गुणोत्तर वेगांच्या उलट. समजा अ चा वेग ब च्या सव्वापट आहे आणि ब ला 1600 मीटरला 8 मिनिटे लागतात, तर अ ला किती लागतील? येथे घाईत पाव भाग वजा करून 6 मिनिटे असे उत्तर येते. वेगांचे गुणोत्तर 5 : 4, अंतर समान, म्हणून वेळांचे गुणोत्तर 4 : 5, म्हणजे 480 सेकंदांचे चार-पंचमांश, 384 सेकंद, 6 मिनिटे 24 सेकंद. वेग सव्वापट झाला की वेळ पाव भागाने नव्हे, एक-पंचमांशाने घटतो.

ज्यात मीटर आणि सेकंद दोन्ही येतात त्या प्रश्नांना मुले उगाच घाबरतात. खरे तर ते सर्वांत सोपे असतात. ‘200 मीटरच्या शर्यतीत अ हा ब ला 20 मीटरने किंवा 5 सेकंदांनी हरवतो’ या वाक्यात ‘किंवा’ या शब्दाने अर्धे गणित सोडवून दिले आहे. अ पोहोचला तेव्हा ब 20 मीटर मागे होता आणि ते 20 मीटर धावायला त्याला 5 सेकंद लागले, म्हणून ब चा वेग सेकंदाला 4 मीटर. पूर्ण 200 मीटरला ब ला 50 सेकंद, अ ला 45 सेकंद, आणि अ चा वेग 200 ÷ 45 मीटर प्रतिसेकंद, त्याला 18/5 ने गुणले की ताशी 16 किमी. येथे कोणतेही खास सूत्र लागले नाही.

तुम्ही रोज मैदानावर धावता, याचा उपयोग तुम्ही गणितात करून घेत नाही, हे मला नवलाचे वाटते. पुरुष उमेदवारांच्या 1600 मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी 400 मीटरच्या. एक फेरी 80 सेकंदांत झाली तर वेग सेकंदाला 5 मीटर, ताशी 18 किमी, आणि पूर्ण अंतराला 5 मिनिटे 20 सेकंद. आता तुम्ही या वेगाने धावत असताना त्याच धावपट्टीवर, त्याच रेषेपासून, त्याच वेळी एक गृहस्थ सेकंदाला 2 मीटर वेगाने चालायला लागले, असे धरा. एकाच दिशेने जात असाल तर तुम्ही त्यांना पहिल्यांदा गाठाल तेव्हा तुमची त्यांच्यापेक्षा एक संपूर्ण फेरी, म्हणजे 400 मीटर, जास्त झालेली असेल; दर सेकंदाला 3 मीटर वाढतात, म्हणून 400 ÷ 3, सुमारे 133 सेकंद. विरुद्ध दिशेने निघालात तर दोघांचे मिळून 400 मीटर होताच भेट होते, म्हणून 400 ÷ 7, सुमारे 57 सेकंद. आणि दोघे पुन्हा आरंभरेषेवरच एकत्र कधी येतील असे विचारले, तर तुमच्या फेरीचे 80 सेकंद आणि त्यांच्या फेरीचे 200 सेकंद यांचा लसावि, 400 सेकंद. ‘पहिल्यांदा भेटतील’ आणि ‘आरंभरेषेवर भेटतील’ हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. उद्या सकाळी मैदानावर घड्याळ लावून आपल्या फेरीचा वेग मीटर प्रतिसेकंदात तोंडी काढा. आठवडाभरात 18/5 आणि 5/18 यांपैकी कशाने गुणायचे हा गोंधळ आपोआप मिटेल.

आता त्रिकोण. 5 आणि 12 दिसले की 13 आठवणे ही चांगली गोष्ट आहे, ती मोडू नका. फक्त त्याआधी एक क्षण काटकोनाची खूण शोधा. ती दिलेली नसेल तर तिसऱ्या बाजूवर एवढेच बंधन असते की ती दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान आणि वजाबाकीपेक्षा मोठी असावी, म्हणजे 7 पेक्षा मोठी आणि 17 पेक्षा लहान. 8 पासून 16 पर्यंतचे पूर्णांक मोजले की 9 होतात, हेच उत्तरपत्रिकेतील उत्तर. आणि त्रिकोण काटकोन आहे असे सांगितले, तरीही 13 लगेच लिहू नका : 12 हाच कर्ण असेल तर तिसरी बाजू 144 वजा 25, म्हणजे 119 चे वर्गमूळ येते. प्रश्नात ‘काटकोन करणाऱ्या बाजू’ असे शब्द असतील तरच 13.

पायथागोरसची त्रिकुटे पाठ असण्याचा खरा फायदा इतर त्रिकोण तोडताना होतो. 13, 14 आणि 15 बाजूंचा त्रिकोण प्रश्नपत्रिकांत वारंवार दिसतो. हेरॉनच्या सूत्राने अर्धपरिमिती 21, मग 21 × 8 × 7 × 6 हा गुणाकार 7056, आणि त्याचे वर्गमूळ 84. परंतु 14 या बाजूवर शिरोलंब टाकून पाहा. त्याची लांबी 12 येते आणि पायाचे 5 व 9 असे दोन तुकडे होतात. एका बाजूला 5-12-13 चा काटकोन त्रिकोण, दुसऱ्या बाजूला 9-12-15 चा, जो 3-4-5 चाच तिप्पट आहे. क्षेत्रफळ 14 × 12 ÷ 2, म्हणजे 84, वर्गमूळ न काढता.

सरावासाठी दररोज तीस निरनिराळे त्रिकोण सोडवण्यापेक्षा एकच त्रिकोण पुरता कोळून प्या, असे मी सुचवीन. 6, 8 आणि 10 चा काटकोन त्रिकोण घ्या. क्षेत्रफळ 24 आणि गंमत म्हणजे परिमितीही 24. कर्णावरचा शिरोलंब किती? क्षेत्रफळ कर्णाला पाया मानून पुन्हा लिहा : 10 × उंची ÷ 2 = 24, म्हणून उंची 4.8. या शिरोलंबाने कर्णाचे 3.6 आणि 6.4 असे भाग पडतात, आणि त्यांचा गुणाकार 23.04 हा 4.8 चा वर्ग आहे. दहावीच्या पुस्तकातील भूमितीय मध्याचे प्रमेय ते हेच. परिवर्तुळाचे केंद्र कर्णाच्या मध्यबिंदूवर, म्हणून परिवर्तुळाची त्रिज्या 5, आणि काटकोनाच्या शिरोबिंदूतून जाणारी मध्यगाही 5. अंतर्वर्तुळाची त्रिज्या क्षेत्रफळ भागिले अर्धपरिमिती, 24 ÷ 12, म्हणजे 2. काटकोनाचा दुभाजक कर्णाला 6 : 8, म्हणजे 3 : 4 या प्रमाणात छेदतो. मध्यगा आणि शिरोलंब कर्णाला जेथे मिळतात त्या बिंदूंमधील अंतर 5 वजा 3.6, म्हणजे 1.4. एवढे सारे एका आकृतीवर स्वतः काढलेत की हीच आकृती 5-12-13 घेऊन पुन्हा करा. तेथे अंतर्वर्तुळाची त्रिज्या पुन्हा 2 च का येते, ते तुम्हीच शोधा.

क्षेत्रफळांच्या गुणोत्तरांत शर्यतीसारखाच विचार लागतो, आणि तुमचा गोंधळही तेथे तसाच होत असावा. 50 चौसेंमी क्षेत्रफळाचा त्रिकोण घ्या. शिरोबिंदूपासून पायावर एक रेषा काढली आणि तिने पायाचे 2 : 3 असे भाग केले, तर दोन्ही लहान त्रिकोणांची उंची समान आहे, म्हणून क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात, 20 आणि 30. आता तोच त्रिकोण घेऊन पायाला समांतर अशी रेषा काढा, जी उरलेल्या दोन बाजूंना शिरोबिंदूकडून 2 : 3 या प्रमाणात छेदते. येथे उंची समान नाही. समान आहेत ते कोन, म्हणजे वरचा लहान त्रिकोण आणि संपूर्ण त्रिकोण समरूप आहेत. त्यांच्या बाजूंचे गुणोत्तर 2 : 3 नसून 2 : 5 आहे, कारण तुलना खालच्या तुकड्याशी नव्हे, पूर्ण बाजूशी आहे. क्षेत्रफळांचे गुणोत्तर 4 : 25, म्हणून वरचा त्रिकोण 8 आणि खालचा समलंब चौकोन 42. आकडे तेच, 2 आणि 3 आणि 50, परंतु रेषेची दिशा बदलताच उत्तर 20-30 वरून 8-42 वर गेले. शर्यतीत ‘वेळ समान की अंतर समान’ विचारायचे, तसेच येथे ‘उंची समान की कोन समान’ विचारायचे, आणि ते शब्दांत आकृतीशेजारी लिहायचे.

कोनांच्या प्रश्नांवर फार वेळ घालवू नका. तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश आणि बाह्यकोन त्याच्या दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका, या दोन गोष्टींवर बहुतेक प्रश्न निभावतात. बाह्यकोन 110 अंशांचा आणि दूरस्थ आंतरकोन 2 : 3 प्रमाणात असतील तर ते 44 आणि 66, व तिसरा कोन 70. एकरूपतेच्या कसोट्या, म्हणजे बाकोबा, कोबाको वगैरे, समजून घ्या. पण बहुपर्यायी परीक्षेत सिद्धता लिहायची नसल्यामुळे त्यांच्यावर आठवडे खर्च करण्याचे कारण नाही. 30-60-90 आणि 45-45-90 या दोन त्रिकोणांतील बाजूंची प्रमाणे मात्र झोपेतही सांगता आली पाहिजेत.

आकृतीविषयी एक इशारा देतो. शाळेत फळ्यावर त्रिकोण नेहमी आडव्या पायाचा आणि तीनही कोन लघुकोन असलेला काढला जातो, त्यामुळे शिरोलंब त्रिकोणाच्या बाहेर पडू शकतो हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. मुद्दाम विशालकोन त्रिकोण काढा, काटकोन वरच्या बाजूला येईल असा त्रिकोण फिरवून काढा. छापील प्रश्नपत्रिकेतील आकृती प्रमाणात असेलच असे नाही, म्हणून ती पाहून ‘हा काटकोनच दिसतो’ असे कधीही ठरवू नका.

वेळेचा प्रश्न तुम्ही लिहिला नसला तरी तो तुमच्या ट्रिकच्या वह्यांमागे आहेच. लेखी परीक्षा 100 गुणांची आणि वेळ 90 मिनिटांचा, म्हणजे सरासरी एका प्रश्नाला 54 सेकंद. आकृती काढायला वेळ कुठे आहे, असे तुम्ही म्हणाल. कच्च्या कामाच्या जागेत एक रेषा आणि तिच्यावर 100, 90, 81 हे तीन आकडे मांडायला दहा सेकंदही लागत नाहीत, आणि मराठी व्याकरण किंवा चालू घडामोडींचा जो प्रश्न येतो तो काही सेकंदांत संपतो, त्यामुळे गणिताला वेळ उरतो. खरा वेळ जातो तो कोणती ट्रिक कोठे लागते हे आठवण्यात. ट्रिकला माझा विरोध नाही. परंतु जी ट्रिक तुम्हाला रेषा काढून स्वतः सिद्ध करता येत नाही ती परीक्षेपुरती बाजूला ठेवा. अ-ब-क च्या प्रश्नाला वहीत ‘बेरीज वजा गुणाकार भागिले 100’ असे सूत्र असेल, 10 + 10 वजा 1 बरोबर 19. ते 100 मीटरच्या शर्यतीत चालते, पण शर्यत 200 मीटरची झाली की भागाकार 200 ने करावा लागतो. ज्याने सूत्र कोठून आले ते पाहिले नाही, तो तेथेही 100 नेच भागतो.

सरावाची वही अशी ठेवा. डाव्या पानावर प्रश्न आणि आकृती, तिच्याखाली ‘दिलेले’ आणि ‘समान’ या दोन ओळी. उजव्या पानावर रीत. पहिले काही आठवडे घड्याळ लावू नका. चुकलेला प्रश्न उत्तर पाहून समजला म्हणून सोडून देऊ नका. आठवड्याने तोच प्रश्न उजवे पान झाकून पुन्हा सोडवा, आणि जमला तर त्यातील आकडे बदलून स्वतः एक नवा प्रश्न तयार करा. स्वतः प्रश्न करू लागलात की पर्यायांतील सापळे कोठे लावले जातात ते दिसू लागते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवण्याची पाळी त्यानंतरची.

क्रॅश कोर्सविषयी विचारलेत म्हणून स्पष्ट लिहितो : आत्ता लावू नका. तुमची अडचण न शिकवलेल्या घटकांची नाही, प्रश्न वाचून मांडण्याची आहे, आणि थोड्या दिवसांत सारा अभ्यासक्रम उरकणाऱ्या वर्गात नेमका त्यालाच वेळ मिळत नाही. त्याऐवजी बालभारतीची नववी आणि दहावीची ‘गणित भाग 2’ ही दोन पुस्तके काढा. मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य मिळतात. नववीतील त्रिकोणाचे प्रकरण आणि दहावीतील समरूपता व पायथागोरसचे प्रमेय, एवढी तीनच प्रकरणे, सरावसंचांसह, पेन हातात घेऊन पूर्ण करा. शर्यतीसाठी सातवी-आठवीच्या पुस्तकांतील गुणोत्तर, समचलन आणि व्यस्तचलन आधी पक्के करा, मग भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतील शर्यतीचे प्रश्न घ्या. हे झाल्यावरही एखादा प्रश्न अडला तर तो तुमच्या आकृतीसह, ‘समान’ ही ओळ भरून, मला पाठवा. नुसते उत्तर पाठवू नका.